मुलांना जाहिरात ओळखायला शिकवताय? मग सुरुवात दुकानात करू नका

परवा सोसायटीच्या बागेत एक आई सांगत होती की पोराला दहा वेळा समजावलं, अ‍ॅडमध्ये सगळं वाढवून दाखवतात बाळा, तरी मार्टमध्ये शिरलं की तेच चॉकलेट आणि तोच हट्ट. मी विचारलं समजावलं कुठे, तर म्हणाली तिथेच, रॅकसमोर. आता रॅकसमोर सात वर्षांचं पोर रडत असताना, मागे बिलाची लाईन असताना, आपण स्वतः वैतागलेलो असताना त्याच्या डोक्यात काय शिरणार? त्याला फक्त "आई नाही म्हणाली" एवढंच कळतं, आणि पुढच्या वेळी तो हेच बाबांकडे किंवा आजीकडे मागतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन हे काही वर्षं करतेय, घरी माझ्या मुलीबरोबर तर त्याच्याही आधीपासून. माझं ठाम मत झालंय की बहुतेक आईबाबांचा विषय बरोबर असतो, क्रम उलटा असतो. दुकान हे शेवटाकडे यायला हवं आणि आपण तिथूनच सुरू करतो. खालचा क्रम साधारण दोन महिन्यांचा आहे, आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नको, मुलं कंटाळतात.

## आधीची तयारी (ही टाळू नका)

वय बघा. पाचच्या आतल्या मुलांना कार्टून कुठे संपलं आणि अ‍ॅड कुठे सुरू झाली हेच नीट कळत नाही, त्यांना फक्त "ही अ‍ॅड आहे हां" एवढं सांगत राहा, पुढचं काही नको. कळायला लागलं तरी समोरचा आपल्याला काहीतरी विकायचा प्रयत्न करतोय, हे साधारण सात-आठच्या आधी पक्कं होत नाही, म्हणून सहा वर्षांच्या मुलाकडून बारा वर्षांच्या मुलाची अक्कल मागू नका. टप्पा १ ते ५ सहाच्या पुढच्या सगळ्यांना चालतात, ६ आणि ७ आठ-नऊच्या पुढे, ८ वा दहाच्या पुढे.

मग स्वतःकडे बघा. एक आठवडा घरात काय काय विकत आणलं ते लिहा आणि प्रत्येकापुढे खरं लिहा की हे का आणलं. मी हे केलं तेव्हा लक्षात आलं की दुधात घालायची एक पावडर मी तीन वर्षं आणत होते कारण अ‍ॅडमधली मुलगी उंच होती, मागचं लेबल मी एकदाही वाचलं नव्हतं. हे मी मुलीला जसंच्या तसं सांगितलं. मोठ्यांचं असं एक उदाहरण हाताशी ठेवाच, नाहीतर मुलांना वाटतं हा सगळा खटाटोप फक्त त्यांचा खाऊ बंद करायला चाललाय.

आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या. घरात खाऊ त्यांच्या पिशवीतून येतो, आणि त्यांना न सांगता नियम केले की त्यांना अपमान वाटतो आणि मुलांना पळवाट मिळते. सासूबाईंना मी सांगितलं की खाऊ बंद नाही, फक्त दोन महिने पाकिटं फेकायची नाहीत, मला हवीयत. त्यांनीच मग पाकिटं धुवून वाळवून ठेवली.

सामान एवढंच लागतं: एक वही, मोबाईलचं स्टॉपवॉच, किचनचा वजनकाटा, चहाचा चमचा, पट्टी, कात्री, चार-पाच दिवसांची वर्तमानपत्रं आणि आठ-दहा रिकामी पाकिटं.

सावधान: वाढदिवसाच्या किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरू करू नका, आणि जूनमध्ये दप्तर-वॉटरबॅग-कंपासच्या खरेदीच्या वेळी तर नकोच. तेव्हा मुलांचं मन आधीच एका वस्तूवर बसलेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये सुरू केलं तर जूनची खरेदी ही छान परीक्षा होते.

## टप्पा १: नुसतं मोजायचं

पहिला आठवडा फक्त मोजणी. टीव्हीसमोर एक तास बसा, मुलाच्या हातात स्टॉपवॉच, अ‍ॅड लागली की सुरू, कार्यक्रम आला की बंद. नियमाप्रमाणे चॅनलला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं मिळतात, १० जाहिरातींची आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रोमोची. हा आकडा आधी सांगा आणि मग मोजू द्या, मुलं पोलिसासारखी बसतात.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र. कात्रीने सगळ्या जाहिराती कापायच्या आणि उरलेली बातमी एका बाजूला ठेवायची. सणाच्या दिवसातला अंक असेल तर पहिलं पानच कापावं लागतं आणि मुलांना धक्का बसतो. बातमीसारखा दिसणारा मजकूर आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात "जाहिरात", असं एखादं तरी शोधून ठेवा, हे मुलांना स्वतःहून सापडलं तर फारच चांगलं.

तिसरी मोजणी रस्त्यावर. घर ते शाळा. होर्डिंग, एसटीची पाठ, रिक्षाच्या मागचा कागद, दुकानाच्या पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठं लिहिलेलं कोल्ड्रिंकचं नाव, गणपतीत मंडपाच्या कमानी, आणि मुलाच्या स्वतःच्या टीशर्टवरचं कार्टून. टीशर्टपाशी मुलं थबकतात. "म्हणजे मी पण अ‍ॅड आहे?" हा प्रश्न मला आत्तापर्यंत चार-पाच मुलांनी विचारलाय, उत्तर घाईने देऊ नका, त्यालाच विचार करू द्या.

नेहमीची चूक: मोजता मोजता "बघ कसे फसवतात" असं आपण बोलून जातो. या टप्प्यात चांगलं-वाईट काहीही म्हणायचं नाही. तुम्ही मत दिलं की मूल तुम्हाला खूश करणारी उत्तरं द्यायला लागतं.

तपासून बघा: तुम्ही न विचारता मूल "ही अ‍ॅड आहे" असं स्वतः म्हणालं का? नसेल तर आणखी एक आठवडा इथेच राहा.

## टप्पा २: ही अ‍ॅड कोणाशी बोलतेय?

आता प्रश्न. तीनच ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठे लिहा: ही कोणाशी बोलतेय? काय वाटायला लावतेय? काय सांगत नाहीये?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, मुलाच्या आवडत्या वस्तूच्या अ‍ॅडने सुरुवात करू नका. सिमेंट, केसांचा डाय, इन्शुरन्स, प्रेशर कुकर, असलं काहीतरी घ्या ज्यात मुलाला काडीचा रस नाही. तिथे त्याला काही गमवायचं नसतं म्हणून तो मोकळेपणाने बघतो. सिमेंटच्या अ‍ॅडमध्ये सिमेंट किती वेळ दिसतं आणि घर, आजोबा, भिंतीला न पडलेली भेग किती वेळ दिसते हे मोजा. मुलं लगेच म्हणतात, सिमेंट विकतच नाहीयेत, घर पडेल ही भीती दाखवतायत. बस, एवढं आलं की अर्धं काम झालं.

मग मोठ्यांकडे सरका. साबणाच्या, पावडरच्या, दुधात घालायच्या डब्याच्या अ‍ॅडमध्ये मूल दिसतं पण बोलणं चाललेलं असतं आईशी. तिची काळजी हीच तिथली चावी. आणि तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या स्वतःच्या वस्तू.

युक्त्यांची यादी पाठ करून घेऊ नका, मुलांना स्वतःच्या भाषेत नावं ठेवू द्या. आमच्या मुलांनी ठेवलेली नावं वहीत आहेत: "सगळ्यांकडे आहे, तुझ्याकडेच नाही", "क्रिकेटवाला काका", "डोक्यात अडकणारं गाणं", "आतल्या खेळण्यासाठी बाहेरचं पाकीट", "पांढऱ्या कोटातली बाई". दिवसाला एकच युक्ती आणि त्या दिवशी तीच शोधायची.

तळाची बारीक ओळ हा वेगळा खेळ आहे. मोबाईलवर अ‍ॅड लावा, पॉज करा आणि खाली धावणारी ओळ वाचून काढा. "क्रिएटिव्ह व्हिज्युअलायझेशन" लिहिलेलं असतं, म्हणजे चित्र कल्पनेतलं आहे. "९९.९ टक्के जंतू" म्हटलं की शेजारी चांदणी असते आणि खाली प्रयोगशाळेतल्या चाचणीबद्दल काहीतरी. ती ओळ वाचायला किती सेकंद लागतात आणि ती स्क्रीनवर किती सेकंद राहते, दोन्ही मोजा.

मोठ्या मुलांना नियमही सांगा, त्यांना इन्स्पेक्टर व्हायला आवडतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मुलांसाठी वेगळा भाग आहे. ही वस्तू घेतली नाहीस तर मित्र हसतील, तू कमी पडशील असं सुचवायचं नाही. आईबाबांच्या मागे लाग असं मुलांना थेट सांगायचं नाही. चिप्स, कोल्ड्रिंक असल्या गोष्टींची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या चॅनलवर करायची नाही. हे तीन नियम वहीत लिहून घ्या आणि आठवडाभर शोधू द्या.

तपासून बघा: "काय सांगत नाहीये" या प्रश्नाला मूल काहीतरी ठोस सांगतं का (किंमत, साखर, सेल वेगळे घ्यावे लागतात)? "खोटं सांगतात" हे उत्तर पुरेसं नाही.

## टप्पा ३: पाकीट उलटं करा

साठवलेली पाकिटं आता काढा. पुढची बाजू अ‍ॅड आहे, मागची बाजू माहिती आहे, हे एक वाक्य मुलांना कायम लक्षात राहतं.

आधी घटकांची यादी. नियमच असा आहे की ज्याचं वजन जास्त ते आधी लिहायचं. त्यामुळे पुढे मोठा आंबा आणि मागे यादीत पाणी आणि साखर आधी, आंबा नंतर, हे मुलांना दोन मिनिटात सापडतं. साखर कधी वेगवेगळ्या नावांनी येते, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, ही नावं एका कागदावर लिहून भिंतीला लावा.

मग चमच्यांचा हिशोब, आणि हा प्रत्यक्षच करा, तोंडी नाही. समजा बाटलीवर लिहिलंय १०० मिलीला ११ ग्रॅम साखर. बाटली २५० मिलीची. म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम. वजनकाट्यावर वाटी ठेवा आणि मुलाच्या हाताने तेवढी साखर घालू द्या. चहाचा सपाट चमचा चार ते पाच ग्रॅमचा, म्हणजे सहा चमचे. ती वाटी आणि बाटली शेजारी ठेवून काही न बोलता बसा. हा एक प्रयोग माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतो, मी आता त्याच्यावर एक शब्दही जोडत नाही.

इथे लोक हमखास एक चूक करतात, "प्रति सर्व्हिंग", म्हणजे एका वेळी खायच्या भागाचा, हा रकाना वाचतात. सर्व्हिंग किती ते कंपनी ठरवते, २० ग्रॅमही असू शकतं, आणि मूल अख्खं पाकीट संपवतं. नेहमी १०० ग्रॅमचा रकाना घ्या आणि पाकिटाच्या वजनाने हिशोब करा.

नंतर पैसे. पाकिटावर एमआरपीच्या आसपास ग्रॅममागे किती रुपये तेही छापलेलं असतं, ते शोधायचं. समजा १० रुपयांच्या पाकिटात २५ ग्रॅम वेफर्स, म्हणजे किलोला ४०० रुपये. मग मुलालाच भाजीवाल्या मावशींकडे पाठवा बटाट्याचा भाव विचारायला. प्रक्रिया, तेल, पॅकिंग, दुकानदाराचा वाटा हे सगळं त्यात येतं हेही सांगा, नाहीतर ते अर्धसत्य होईल.

पुढच्या बाजूच्या शब्दांवर थोडा वेळ द्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरी आणि तशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या गटातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी व्याख्याच नाही. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, पाण्यात कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस) मिसळून बनवलेल्या ज्यूसवरचा "१०० टक्के फळांचा रस" हा दावा काढायला लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओआरएसचा ठरलेला फॉर्म्युला नसलेल्या गोड पेयांच्या नावातून "ओआरएस" हा शब्द काढायला सांगितलं. म्हणजे मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं या शब्दांवर विश्वास ठेवून विकत घेत होती, मुलांना हे सांगा, त्यांना एकटं वाटत नाही.

सावधान, आणि हे मनावर घ्या: लेबल वाचताना मुलाच्या शरीराबद्दल, वजनाबद्दल, जाडीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. "म्हणूनच तू अशी झालीयस" असं एक वाक्य मुलीच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. बोलणं पाकिटाबद्दल आहे, मुलाबद्दल नाही.

## टप्पा ४: घरच्या घरी चाचणी

तीन प्रकारची बिस्किटं, एक कार्टूनवालं, एक महाग, एक साधं. पाकिटं लपवा, ताटल्यांना अ, ब, क नाव द्या, डोळे मिटून चव, वहीत मार्क. मग नूडल्सचं पाकीट. वरच्या चित्रात मटार, गाजर, कोथिंबीर सगळं असतं, पाकिटात जे आहे तेवढंच शिजवून वाटी चित्राशेजारी ठेवा आणि फोटो काढा. चित्राजवळ "सर्व्हिंग सजेशन" (म्हणजे असं वाढता येईल, एवढंच) अशी बारीक ओळ असते, ती मुलाने शोधायची.

आता महत्त्वाचं: कार्टूनवालंच बिस्किट जिंकलं तर ते मान्य करा. आमच्याकडे एकदा जिंकलं होतं, आणि मी "हो, हे खरंच छान आहे" म्हटलं. निकाल आपल्या बाजूला ओढला की मुलाला कळतं, आणि मग आपणही त्याच्यासाठी अ‍ॅडवालेच होतो. अ‍ॅड असलेली वस्तू वाईटच असते हे आपल्याला शिकवायचंच नाहीये.

## टप्पा ५: आता मुलांना अ‍ॅड बनवू द्या

वस्तू अशी द्या की कोणाला नको असेल. कारलं, जुनी चप्पल, रिकामी बरणी. ३० सेकंदांचा व्हिडिओ. फोन जमिनीलगत धरला की छोटी गाडी ट्रकएवढी दिसते, जवळ टेबललॅम्प लावला आणि काकडीवर पाणी शिंपडलं की ती फ्रीजमधून आल्यासारखी ताजी दिसते, हे त्यांना स्वतःच्या हाताने करता यायला हवं. त्यानंतर त्याच वस्तूची एक खरी अ‍ॅड, ज्यात जे आहे तेच सांगायचं. दोन्ही घरच्यांना दाखवा आणि कोणती बघून घ्यावंसं वाटतं ते विचारा. आमच्या इथल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने कारल्याच्या अ‍ॅडमध्ये आपल्या धाकट्या बहिणीला "हे खाल्लं म्हणून मी पहिली आले" म्हणायला लावलं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं, टप्पा दोनमधून आलं होतं ते.

हा टप्पा लोक वेळ नाही म्हणून सोडतात. कृपया सोडू नका, स्वतः एकदा बनवलेली युक्ती मूल पुढे लांबून ओळखतं.

## टप्पा ६: रंगीत तालीम, मग दुकान

आधी घरी दुकान मांडा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर खाऊ, मोठ्यांच्या उंचीवर महाग वस्तू, खाली वाकून घ्याव्या लागतील तिथे स्वस्त, आणि बिलाच्या टेबलाशेजारी गोळ्या-चॉकलेट. मूल दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. मग विचारा, चॉकलेट इथेच का ठेवलंस?

खऱ्या दुकानात जाताना:

१. पोटभर खाऊन जायचं.
२. यादी मुलाच्या हातात, तीन वस्तू शोधायचं काम त्याचं.
३. एक वस्तू त्याच्या पसंतीची, रक्कम आधी ठरलेली, समजा २० रुपये, आणि ती काय असेल त्यावर तुमचं मत चालणार नाही.
४. यादीबाहेरचं काही हवंसं वाटलं तर वहीत "उद्या" या पानावर लिहायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही हवं असेल तर बोलू.

पहिल्यांदा मार्टमध्ये नको, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जा, तिथे पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात पण दहा मिनिटात काम होतं.

हट्ट सुरू झालाच तर दोनच वाक्यं: "तुला ते फार हवंय हे मला कळतंय. आज यादीत नाही, वहीत लिहू." पुन्हा तेच, त्याच आवाजात. त्या क्षणी अ‍ॅड, साखर, युक्ती यातलं काहीही काढू नका, आणि "एवढं शिकवलं ते विसरलास का" हे तर अजिबातच नको. बोलायचं ते घरी गेल्यावर, रात्री.

तपासून बघा: "उद्या" पानावरच्या वस्तूंपैकी किती दुसऱ्या दिवशी मागितल्या? महिनाभराने ते पान मुलाबरोबर वाचा.

## टप्पा ७: स्वतःचे खाऊचे पैसे

आठ-नऊच्या पुढे आठवड्याला ठरावीक रक्कम द्या, आणि रोख द्या. यूपीआयने दिलेले पैसे मुलांना कमी होताना दिसत नाहीत. किती द्यायचे हे तुमच्या घरावर आहे, ३० असोत की १००, फक्त मध्येच वाढवायचे नाहीत आणि शिक्षा म्हणून कापायचे नाहीत.

आणि मग सगळ्यात अवघड काम, त्याला चुकू द्यायचं. माझ्या पुतण्याने सात आठवडे पैसे साठवून व्हिडिओत बघितलेला एक रोबोट ऑनलाइन मागवला. आम्हाला दिसत होतं की ही वस्तू लहान निघणार, तरी भावजय गप्प राहिली. डबा उघडला तर तळहाताएवढा. तो अर्धा तास काही बोलला नाही. कोणीही "सांगितलं होतं ना" म्हटलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतः वहीत दोन रकाने केले, एकात "व्हिडिओत काय होतं", दुसऱ्यात "हातात काय आलं". आता तो काहीही मागवायच्या आधी साईटवर दिलेली सेंटीमीटरची मापं बघून पट्टीने वर्तमानपत्रावर त्या आकाराचा चौकोन काढतो. ही युक्ती मी आता सगळ्यांना सांगते, फारच उपयोगी आहे.

नेहमीची चूक: मूल हिरमुसलं म्हणून आजोबा दुसरी वस्तू आणून देतात. प्रेमाने करतात, पण सात आठवड्यांचा धडा तिथेच जातो. त्यांना आधीच सांगून ठेवा, जवळ घ्या, गोष्ट सांगा, पण भरपाई करू नका.

## टप्पा ८: रील, अनबॉक्सिंग आणि गेम

इथे अ‍ॅड वेगळी दिसतच नाही, म्हणून हा शेवटी. आवडता ताई-दादा डबा उघडतो तेव्हा एकच प्रश्न: हा डबा त्याला कोणी दिला? अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्या नियमन संस्थेने २०२१ पासून नियम केलाय की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर तसं स्पष्ट लिहायचं. "अ‍ॅड", "स्पॉन्सर्ड", "कोलॅबोरेशन", "पार्टनरशिप" हे शब्द, यूट्यूबवर सुरुवातीला येणारी पेड प्रमोशनची पट्टी, हे शोधायला द्या. हॅशटॅगच्या ढिगात लपवलेलं असेल तर तेही.

गेममध्ये नाणी आणि हिऱ्यांचे रुपये करा. ४०० हिरे म्हणजे किती रुपये, आणि त्या रुपयात आपल्याकडे काय येतं, वहीत लिहा. "फक्त १० मिनिटं उरली" असा काटा दिसला तर वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत उघडा, बऱ्याचदा तोच काटा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेला असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने अशा १३ फसव्या पद्धतींची यादी काढलीय, त्यात खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं लाजवणारं बटण, हे सगळं आहे. मुलांना यातली चार-पाच पुरतात.

सेटिंग आजच करा: प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला व्हेरिफिकेशन, कार्ड सेव्ह नको, यूपीआय पिन मुलांसमोर टाकायचा नाही.

आठवी-दहावीच्या मुलांसाठी क्लासेसच्या जाहिराती घ्या. निकालानंतर एकाच मुलाचा फोटो दोन-तीन क्लासच्या बॅनरवर दिसतो. त्याने तिथे नेमका कोणता कोर्स केला, वर्षभराचा की फक्त टेस्ट सिरीज, हे बॅनरवर आहे का ते बघायला सांगा. हे लपवल्याबद्दल ग्राहक प्राधिकरणाने अनेक कोचिंग संस्थांना दंड केलेला आहे. इथे हजारो रुपयांची फी असते आणि हट्ट बरेचदा आईबाबांचा असतो, म्हणून हे मुलाबरोबर बसूनच करा.

## खरंच चुकीची अ‍ॅड सापडली तर

तक्रार करा, आणि मुलाला लिहू द्या. अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या वेबसाईटवर फॉर्म आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. लागतं एवढंच: अ‍ॅडचा फोटो किंवा लिंक, तारीख, कुठे दिसली, आणि कोणता दावा चुकीचा वाटतो ते एका वाक्यात. "मला आवडली नाही" ही तक्रार होत नाही, हा फरक मुलांना इथे नीट कळतो.

शाळेपासून सुरुवात करायची असेल तर आणखी सोपं. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेच्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात करायची नाही. मोजपट्टी घ्या, सुट्टीच्या दिवशी फाटकापासून अंतर मोजा, बॅनरचा फोटो काढा आणि मुख्याध्यापकांना पत्र द्या. गाडीवाल्या काकांशी भांडायला जाऊ नका, त्यांचं पोट त्यावर आहे, बोलणं कंपनीच्या बॅनरबद्दल ठेवा. पत्राची तारीख वहीत मुलाच्या अक्षरात लिहून ठेवा, आणि उत्तर आलं की पाकीट त्यालाच फोडू द्या.